वांगी रंग

येवला

प्रिय निकिता,

फोन केला असता तर तू नेहमीसारखं, अगं दुकानात गर्दी आहे, मग बोलू, म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून पत्र. आता निवांत वाच आणि मध्येच हसू नकोस.

आमच्या अण्णांनी, म्हणजे तुझ्या पुंजारामकाकांनी, दिवाळीपासून रेशीम रंगवायचं सोडलं होतं. तुला हे मी सांगितलंच नाही. तुझ्याकडे कॅटलॉग छापायला दिलं तेव्हाही मी नुसतं रंग नीट येत नाहीत एवढंच बोलले. घरातलं दुखणं बाहेर कशाला, असं वाटलं. झालं होतं असं, की दुसरीकडे छापलेल्या आधीच्या कॅटलॉगात आमची वांगी पैठणी चक्क निळी उमटली. लोक निळी समजून मागवायचे, हातात वांगी पडली की साडी परत. अण्णांना वाटलं, आपलीच नजर गेली. जन्मभर रेशीम रंगवलेला माणूस, आणि ते छापील चित्र समोर ठेवून रंगात निळा वाढवत बसला! निघालं काय, तर शाई सांडल्यासारखं काहीतरी. त्या दिवशी त्यांनी रंगाची चूल विझवली ती विझवलीच. डोळे ठणठणीत आहेत असं डॉक्टरांनी सांगूनही पटेना. आई रडायची, मी चिडायचे.

शेवटी मी त्यांना ओढतच तुझ्या छपाईच्या दुकानात आणलं. तोंड पाडून बसले होते, आठवतं ना? तू रंगीत चौकोनांचा कागद छापलास, त्यावरून रंग मोजायचं ते छोटं यंत्र फिरवलंस आणि आमच्या कागदासाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे कुठली शाई किती सोडायची त्याचं माप, बनवलंस. म्हणालीस, प्रत्येक कागद शाई वेगळी पितो. आधीच्यांनी या चकचकीत कागदाला साध्या कागदाचं प्रोफाइल लावलं असणार, मग जांभळा निळ्यावर जाणारच. रेशमाचा थोडासा रंग कागदावर उतरतच नाही, बाकी बघा, असं म्हणत नवं पान साडीशेजारी ठेवलंस. वांगी! अगदी वांगी! आणि अण्णांकडे वळून म्हणालीस, काका, तुमचा रंग बरोबरच होता, आम्हा छापणाऱ्यांचं चुकलं. बाई गं, चूक तुझी नव्हती, तरी 'आम्हा' म्हणालीस. त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. परतीच्या एसटीत अण्णा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

तुझं लग्न ठरल्याचं परवा त्यांना सांगितलं. आज सकाळी उठून बघते तर चूल पेटलेली! वांगी रंगाची एक लड काढून उन्हात धरून बघत होते, आणि हसत होते गं. मला म्हणाले, निकिताला लिही, तिची पैठणी मी करणार. रंग मात्र कॅटलॉग बघून कळवू नको म्हणावं. मी म्हटलं, अहो, आता कॅटलॉग बरोबर आहे. तर म्हणतात, आहे ना, पण थोडासा रंग कागदावर उतरतच नाही, पोरीनं स्वतःच सांगितलंय. तेवढा बघायला तिला यावंच लागेल. तुझं रेशीम अजून पांढरंच टांगून ठेवलंय. ये लवकर.

तुझीच, आणि तुझ्या लग्नात तुझ्यापेक्षा जास्त मिरवणारी,
तेजस्विनी