तळमजला बावीस लाखांना गेला

तीर्थस्वरूप रामनाथमामांना नालासोपाऱ्याहून सुमेधचा वाकून नमस्कार, मामींनाही. तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, आणि देवरुखात कैऱ्या धरल्या की यंदाही नुसतीच पालवी, ते सवडीने कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक. (सगळे म्हणजे मी आणि ज्ञानदा. घरमालक ठीक नाहीत, त्यांना जूनच्या आत खोली रिकामी हवी आहे.)

फोनवर तुम्ही बजावलं होतं, घर घेण्याआधी आजूबाजूची घरं कितीला गेली ते शोध, आणि दलालाला नको, शेजाऱ्यांना विचार. सल्ला उत्तमच होता, फक्त तो पाळणाऱ्याचं काय होतं हे तुम्ही सांगितलं नव्हतं. वसई पूर्वेच्या एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला. दलाल चिराग (हा माणूस बाथरूम दाखवताना स्वतःच दारात उभा राहतो, म्हणजे आपल्याला आत डोकावता येत नाही) अठ्ठेचाळीसच्या खाली उतरेना. मग एका रविवारी ज्ञानदाला घेऊन मी शेजाऱ्यांच्या बेल वाजवत सुटलो.

मामा, माणसाला पगार विचारला तर तो एक वेळ सांगेल, घराचा भाव सांगणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आम्हाला इन्कम टॅक्सवाले समजून घर आपलं नाहीच, दिरांचं आहे असं सांगितलं. (दीर आतून ओरडले, माझं नाही!) चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना स्वतःचा फ्लॅट विकायचा होता. ते पन्नास म्हणाले आणि चहा आणता आणता त्यांच्या बायकोने बावन्न केले. शेवटी पहिल्या मजल्यावर स्टॅनी नावाचे म्हातारे भेटले. पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होते, आता एकटेच असतात. ते म्हणाले, अठ्ठेचाळीसच सांगायचं असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलंय. आणि मग बोलता बोलता निसटलं, "तळमजला बावीसला गेला, पण तो धरू नका."

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. ज्ञानदाने मात्र विचारलं, का गेला? दाराच्या कडीशी चाळा करत स्टॅनी म्हणाले, "राजोडीला जा. क्लाराला विचारा."

तळमजला विकणाऱ्या क्लाराबाई आता राजोडीला बहिणीकडे राहतात. आम्ही गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या, आणि पलीकडे किनाऱ्यावर सुट्टीला आलेली माणसं किंचाळत होती. (आनंदाने. तरी दर वेळी बाई दचकत होत्या.) मी भाव विचारला. त्यांनी भाव सांगितला आणि मग न विचारता बाकीचंही. गेल्या जुलैत इमारतीत पाणी भरलं. मीटरची पेटी जिन्याखाली. "वरून सगळे वरडत होते, हिलरी, मेन बंद कर. आमचंच घर खाली, म्हनून माझा नवराच गेला. पानी मांडीपर्यंत. त्याने पेटीच्या दाराला हात लावला." आणि त्या लसणीची एक पाकळीच बराच वेळ सोलत राहिल्या. नंतर सोसायटीची मीटिंग झाली आणि भाव पडतील म्हणून कुणी बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. येता-जाता तो जिना दिसायचा, म्हणून पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला बाईंनी घर देऊन टाकलं, घासाघीस न करता.

निघताना त्यांनी सुके बोंबील बांधून दिले आणि ज्ञानदाला म्हणाल्या, "घे तू घर. तिसरा माळा हाय ना? पानी तिथवर येत नाय."

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, हा बावीसचा आकडा चिरागच्या तोंडावर फेकला तर चांगले सहा-सात लाख सुटतील. तुमच्या भाचेसुनेने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग सोपारा येईपर्यंत खिडकीबाहेर. (बोंबीलही तिनेच मांडीवर धरून ठेवले होते.) तर मामा, असलं घर आपल्याला नको, हे कळवण्यासाठीच हा पत्रप्रपंच. मामींना पुन्हा नमस्कार.

आपला भाचा,
सुमेध

ता. क. हे पत्र टाकायचं राहून गेलं आणि मधल्या काळात आम्ही ते घर घेतलं. बेचाळीसला. (सहा लाख सुटले. कसे, ते विचारू नका.) दुसरीकडे परवडेल असं काही मिळेना आणि जून कुणासाठी थांबत नाही. ज्ञानदाची अट एकच होती, राहायला जाण्याआधी मीटरची पेटी दुरुस्त व्हावी. ती अट घेऊन मी सोसायटीच्या चेअरमनकडे गेलो. ते अगदी शांतपणे म्हणाले, "जे झालंच नाही, त्याची दुरुस्ती कशी करायची?"

ता. क. २. तेव्हा खरी विनंती ही. तुम्ही वीज मंडळात जन्मभर वायरमन होतात. पावसाआधी या. ती पेटी जिन्याखालून काढून वर कशी न्यायची, कोणाला अर्ज करायचा, ते बघून सांगा. टेस्टर आणि रबरी हातमोजे आणा. मामींना वास्तुशांत आहे एवढंच सांगा. खर्चाचा अर्धा वाटा स्टॅनी उचलणार आहेत. तुम्ही का, असं मी विचारलं, तर ते चहा टाकायला आत गेले. ज्ञानदाला मात्र नंतर जिन्यात गाठून म्हणाले, "त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मी वरडलो होतो."