डाव्या दरवाजाची घासलेली कड

वडगाव, बेळगाव
गणपती पोचवून झाल्यानंतरचा सोमवार

प्रिय नागेंद्रकाका,

फोन उचलत नाही म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते बंद करून उशाखाली सारता यायचं नाही. फाडलंत तर माझा इलाज नाही, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच, आणि तुम्ही तर भजी बांधून आलेला कागदही उलटा-सुलटा करून वाचणारे. घरी कानडी आणि शाळा मराठी, म्हणून कुठल्याही बाजूचा कागद तुम्हाला सुटत नाही. तेव्हा वाचाल असं धरून लिहिते आहे.

आधी बातमी. गाडी मोडीत घातली नाही. आप्पांचं दिवसकार्य उरकलं त्या दुपारी तुम्ही किल्ली तुळशीकट्ट्यावर ठेवलीत, "ही मोडीत घाल पुट्टी, हिचं तोंड बघायचं न्हाय मला," एवढंच बोललात आणि दावणगेरेला मुलाकडे निघून गेलात. आप्पांनी विणलेल्या साड्यांचे गठ्ठे जन्मभर निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लजच्या बाजारात पोचवणारा माणूस, आणि बसमध्ये चढताना मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला फार राग आला होता, काका. आप्पा गेले तेव्हा रडू आलं. राग आला तो तुम्ही गेलात तेव्हा. इतकी मोठी झाले तरी मला पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणणारं आता वडगावात कुणी उरलं नाही, हे तुमच्या लक्षात तरी आलं का?

पिकअप तशीच बोळाच्या तोंडाशी उभी होती. हौद्यात एका मांजरीनं पिल्लं घातली, आणि आईनं ती मोठी होईपर्यंत गाडीला कुणाला हात लावू दिला नाही. मग एका ट्रॅक्टरला बांधून मी ती अनगोळला परशरामच्या गॅरेजात नेली. परशराम तुम्हाला माहीत आहे, पत्रा ठोकण्यात त्याचा हात कुणी धरायचा नाही, आणि बडबडण्यातही. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नवरी करून देतो बघा आक्का. लांबी भरून सगळं सपाट करतो, वरनं लाल रंग, पांढरा पट्टा. कुणाला वळखायची न्हाय." मी म्हटलं, मला ती ओळखूच यायला पाहिजे. आतून जे सडलंय ते सगळं बदल, बाहेरून एक पोचा काढायचा नाही आणि एक थेंब रंग मारायचा नाही. "पेंटरला रंग मारू नको म्हणताय, मग हलवायाला सांगा साखर घालू नको म्हणून," असं पुटपुटत त्यानं मला चहा पाजला. मला शहाणपण यावं म्हणूनच पाजला असणार.

पटवलं शेवटी आईनं. ती एकदा डबा घेऊन आली होती. परशराम तिच्यासमोर रडगाणं गाऊ लागला, तर ती म्हणाली, "मागावरचा ताणा संपला की आम्ही जुनी टोकं काढून टाकतो व्हय रं? तीच धरून नवा ताणा सांधायचा असतोय. जुनं टोकच ऱ्हायलं न्हाय तर सांधू कशाला?" परशराम वडगावचाच, त्याच्याही आईनं उभा जन्म सूत सांधण्यात घालवला. पुढं तो रंगाबद्दल बोलला नाही. म्हणजे माझ्याशी बोलला नाही. गल्लीभर मात्र सांगत सुटला की केदारीअण्णांच्या पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तर आता गाडीचं ऐका. इंजिन खोलून भरलं. तळाचा पत्रा इतका खाल्ला होता की पायाखालचा रस्ता दिसायचा, तो कापून नवा जोडला. ब्रेक, वायरिंग, टायर सगळं नवं. आणि डिझेलचा तो पाइप, ज्याचं नाव तुमच्यासमोर काढायची मला भीती वाटते, तोही बदलला. बाहेरून मात्र गंज हळूहळू उतरवला, जिथं पत्रा उघडा पडला होता तिथं तेल जिरवलं आणि वरून बिनरंगाचा पातळ लॅकर मारला, पुढं गंज चढू नये म्हणून. टपाचा आकाशी रंग उन्हानं पार पांढुरका झालाय, तसाच ठेवला. बॉनेटवर जिथं तुम्ही रोज सकाळी कुंकू लावून हात टेकवायचात तिथला रंग उडून ताटलीएवढी जागा झालीय, तीही ठेवली. हौद्याच्या फाळक्याला गठ्ठ्यांच्या दोऱ्यांनी पडलेले चरे आहेत, त्यांवरून मी बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत लागतात.

आणि दोन्ही दरवाजे. त्यांना तर मी परशरामला कापडसुद्धा लावू दिलं नाही. डाव्या दरवाजावर मराठीत "केदारी साडीवाले, वडगाव" आणि उजव्यावर तेच कानडीत, दोन्ही तुमच्याच हातचं. जसा मोर्चा तशी बाजू पुढं करून गाडी उभी करायची ही तुम्हा दोघांची अक्कलहुशारी! सगळ्या सीमाभागाला फसवलं असं समजत होतात. मग निपाणीच्या अलीकडे तो रास्ता रोको लागला, रस्त्याच्या उजव्या हाताला मराठी घोषणा आणि डाव्या हाताला कानडी, आणि तुम्ही शहाण्यासारखे सरळ मधून निघालात. मराठीवाल्यांना दिसला कानडी दरवाजा, कानडीवाल्यांना मराठी. दोन्हीकडून काळं फासून घेऊन आलात. मी तेव्हा शाळेत होते, हसू की घाबरू कळेना. "उलटी घेतली असती गाडी तर दोन्हीकडनं हार पडलं असतं," हे आप्पा मरेपर्यंत सांगायचे, आणि तुम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचात.

पण तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आप्पा रॉकेल आणि सुताचा गुंता घेऊन बाहेर गेले, ते मी माडीवरून बघितलं. आपला दरवाजा सोडून ते तुमच्या दरवाजाजवळ गेले आणि कानडी अक्षरं घासत बसले. माझ्या मनात आलं, आता आपलंही पुसतील. पुसलं नाही. हात धुतले आणि मागावर बसले. दुपारी शाळेतून आले तर तुम्ही डाव्या दरवाजाला भिडला होतात, आप्पा जेवून आडवे झालेत एवढी वेळ साधून. दोघांनाही नीट जमलं नाही. अर्धं काळं निघालं, अर्धं अक्षरांत मुरलं, आणि घासण्याचे फराटे कायमचे उठले. आप्पांचे वरून खाली, मागावर फणी ओढल्यासारखे. तुमचे गोल गोल, काच पुसल्यासारखे. एकमेकांचा दरवाजा कुणी पुसला हे दोघांनाही कळलं असणारच, पण तुम्ही त्यावर कधी अक्षर काढलं नाहीत. भांडण लागलं की आप्पा कानडीत शिव्या द्यायचे आणि तुम्ही मराठीत, तेवढं मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आता सांगा, असल्या दरवाजांवर लाल रंग मारू?

एक जागा राहिली. डाव्या खिडकीची खालची कड. आप्पांचं कोपर तिथं टेकून टेकून रंग गेला, त्याखालचा अस्तराचा तांबडा हात गेला, आणि पत्रा चांदीच्या वाटीसारखा लख्ख झालाय. तुमच्या बाजूलाही आहे तसंच, पण गिअर टाकायला तुमचं अंग हलायचं, म्हणून थोडं कमी. आप्पा एकदा बसले की कोपर तिथून हलायचं नाही. उन्हात नाही, पावसात नाही. आई चिडवायची की माझ्या नवऱ्याचा डावा हात परगावचा आणि उजवा घरचा, इतका रंगात फरक. तुमचा उजवा काळा, त्यांचा डावा, आणि दोघांच्या मध्ये मी, गिअरला गुडघा लागला की तुमची टपली खात. त्या कडेवर लॅकरसुद्धा मारायचा नाही असं मी सांगितलं. तिथं गंज आला तर येऊ दे, मी रोज पुसेन.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण मागावरून उठत नाही. धंदा चालू आहे. निपाणीचे व्यापारी अजून तुमची चौकशी करतात. गठ्ठे मी भाड्याच्या टेम्पोतून पाठवते, तो ड्रायव्हर वाटेत गाणी लावतो आणि माल उतरवताना फेकतो. परशराम आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून देतो. आवाज असा लागलाय की तुम्ही डोळे मिटून ऐकाल. पण रस्त्यावर मी तिला अजून काढू दिलेली नाही.

काल तुमच्या सूनबाईंचा, मंजुश्री वहिनींचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नका, मीच सांगायला लावलं. त्या म्हणाल्या, मामा रिक्षातसुद्धा बसत नाहीत, बाजारात चालत जातात. नातवानं नवी गाडी घेतली, तर हातातला नारळ फोडला नाही, तसाच परत दिला. आणि विचारलं की एवढंच म्हणतात, "केदारीला मी मारलं. पाइप हवा ओढतोय हे मला म्हाईत होतं. गाडी पुलावर बंद पडली न्हाय, मी पाडली." फोन ठेवला आणि मी कागद शोधायला उठले. पाइपचं तुम्ही आप्पांना पुन्हा पुन्हा सांगत होतात, मी ऐकलं आहे. "सीझन होऊ दे रं" हे त्यांचं उत्तरही ऐकलं आहे. लग्नसराई होती, गाडी एक दिवस उभी करायला तेच तयार नव्हते. पण ते जाऊ द्या. तुम्ही असलं काही उराशी धरून बसला असाल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला दुःख सोसवत नाही म्हणून तुम्ही गेलात. मला वाटलं, जे मला माहीत आहे ते तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून आता नीट लिहिते, आणि तुम्ही दोनदा वाचा. त्या सकाळी निपाणीचा माल भरता भरता आप्पांच्या छातीत कळ आली, आणि समोर उभी होती म्हणून आपण त्यांना याच गाडीत घातलं. तुम्ही हॉर्नवरचा हात काढत नव्हता, नजर रस्त्यावर. मी नेहमीसारखी मध्ये होते, आप्पांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत. खासबागच्या वळणावर, काका, त्यांचं डावं कोपर खिडकीच्या कडेवरून सुटलं. आपसूक घसरून मांडीवर आलं. जन्मात कधी न हललेलं कोपर. त्याच वेळी माझ्या हातातली त्यांची बोटंही सैल झाली. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. पूल अजून लांब होता. गाडी बंद पडली, तुम्ही उडी मारून बॉनेट उघडलंत, डिझेलचा हातपंप मारत, रडत, देवीला आणि इंजिनाला एकदमच हाका मारत होतात, तेव्हा आप्पा गेलेलेच होते. दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पण तुम्ही तोवर बाहेर पायरीवर जाऊन बसला होतात. गाडी आप्पांना त्यांच्या अखेरपर्यंत घेऊन गेली, वाटेत एकदाही न थांबता. तुम्हीच नेलंत. त्यांच्या एका बाजूला मी होते आणि गाडी तुमच्या हातात होती, यापेक्षा त्यांना दुसरं काय हवं होतं, सांगा. खंडेनवमीला माग पूजतो तशी या वर्षी गाडीही पूजणार आहोत. आईनं हार सांगून ठेवलेत, दोन्ही दरवाजांना एकेक. रोज संध्याकाळी मी अनगोळला जाते, डावी कड फडक्यानं पुसते आणि थोडा वेळ गाडीत बसते. आप्पांच्या जागेवर बसवत नाही, तुमच्या जागेवर बसायचा धीर होत नाही. तेव्हा या. उजवीकडे तुम्ही बसा, नाहीतर मला तिथं बसायला शिकवा. मध्ये बसून गाडी चालत नाही, काका.

तुमचीच,
पुट्टी