आबांच्या हातचा घास

संपतदादा, जयभीम.

मी कॉलेज सोडून घरी बसले, त्यात तुझा फायदा काय होता ते आधी सांगते. आबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांचं सारं करायला तुला बहीण मिळाली, अन् टेंभुर्णीभर नाव तुझं झालं, 'संपत बापाची सेवा करून राह्यला.' सेवा म्हणजे पाहुण्यांसमोर दोन घास भरवायचे.

आजारी माणसाला त्याचं काम पुन्हा त्याच्या हातानं करायला लावणं, हेच मी नागपूरला शिकत होते. चमच्याच्या दांडीला सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केली, अन् आबा आपल्या हातानं जेवायला लागले. मंग चमचा हरवला, अन् दुसरा बनवते म्हटलं तर 'राहू दे, भरवू आपण' म्हणालास. खाटेखाली वाकून तूही शोधलास. काल माझे कागद काढायला तुझी पेटी उघडली, तर तो तुझ्या शर्टांखाली. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "आबा हातानं जेवले की ताई न्हाई राहणार, असं म्हणत होते हे."

बराबर ओळखलंस. कॉलेजनं मला परत घेतलंय, दुसरं वर्ष पुन्हा करायचंय. सकाळच्या एसटीनं चालले.

चमचा वहिनीपाशी दिलाय. आबांना भरवू नकोस. सांडलं तर सांडू दे, पुसायला तुला दोन्ही हात आहेत.

माझं वर्ष मी भरून काढीन. पण हात चालत असताना आबा इतके दिवस तोंड उघडून दुसऱ्याच्या घासाची वाट बघत बसले. डाव तुझा होता दादा, किंमत भरली त्यांनी.

बेबीनंदा