मनिलाची पेज

मामा, तुम्हाला जाऊन आठ पावसाळे झाले आणि तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकतो. आज दुसऱ्या पाळीवरून सुटलो तेव्हा सदरा निथळत होता. खोलीवर येऊन स्टोव्ह पेटवला. मूठभर तांदूळ, ठेचलेलं आलं, आणि कोंबडीची मान अन् पाठ, जी खाटीक जवळजवळ फुकटच देतो. आता आणे गेले, नवे पैसे आले, पण ही पेज अजून गरिबाला परवडते. वरून घालायचा लसूण तेलात लाल करत होतो आणि खोलीभर तुमची खानावळ झाली. म्हणून पातेलं मंद आचेवर ठेवून हे लिहायला बसलोय.

पिंपरी स्टेशनच्या अलीकडे पत्र्याखाली चार बाकडी, एवढीच ती खानावळ. तुम्ही बारा वर्षं मालाच्या बोटीवर स्वयंपाकी होता. तिथल्या एका फिलिपिनो स्वयंपाक्यानं तुम्हाला ही पेज शिकवली. तो तिला लुगाव म्हणायचा. आपल्याकडे तिचं नाव पडलं मनिलाची पेज. दिवसा तुम्ही भात, आमटी, भाकरी वाढायचा, कारण दिवसाचं गिऱ्हाईक निम्मं माळकरी. शेवटची गाडी आली की खडकीच्या कारखान्यातली भिजलेली माणसं आत शिरायची आणि मग मागच्या चुलीवरचं दुसरं पातेलं पुढे यायचं. त्याची पळी वेगळी, फडकं वेगळं, ठेवायची फळीसुद्धा वेगळी. एकदा मी घाईत ती पळी आमटीत घातली, तर तुम्ही अख्खी आमटी ओतून दिलीत आणि मला म्हणालात, "मेल्या, ही माणसं माझा भात खात नाहीत, माझा शब्द खातात." मी ते विसरलो नाही. विसरलो असतो तर एवढा जळलो नसतो.

रात्री मात्र तुमची जीभ सैल सुटायची. "मामा, मनिला शिल्लक हाय का?" दारातूनच कुणीतरी ओरडायचा. "हाय. दोन आणे. अंडं घातलं तर तीन." "आन् मनिलाची बाई?" "ती तुझं तोंड बघून बोटीवर परत गेली." सगळे हसायचे, मी कोपऱ्यात बसून पुस्तक उघडं ठेवायचो, न वाचता.

तुमच्याकडे राहून मी पुण्यात कॉलेज करत होतो, आणि का वाचत नव्हतो ते तुम्हाला ठाऊक होतं. गावातले एक शेतकरी तुम्हाला दूध घालायचे. सकाळी चरवी घेऊन त्यांची मुलगी यायची. तिला बघून मग गाडीला पळायचं, म्हणजे माझी पुण्याची गाडी रोज चुकायची. हजेरी भरेना, म्हणून प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. मी त्यांची नोटीस त्यांच्याच टेबलावर फाडली आणि दुसऱ्या वर्षातून घरी आलो. तुम्ही रागावला नाहीत. "कॉलेज तू सोडलंस की कॉलेजनं तुला?" एवढंच विचारून हातात कांद्याची पाटी दिलीत. आठ दिवसांनी तुम्हीच तिच्या वडिलांकडे शब्द टाकलात. जात एकच होती, अडत होतं ते माळेपाशी. ते म्हणाले, "पोरगं बरं हाय. पर आमच्यात मटन-मच्छी चालत न्हाई. दिवाळीपतुर पाळून दाखवू द्या, मग बोलू." तीन महिने मी पाळलं, मामा. रात्री सगळे फुंकर मारून मनिला ओरपायचे आणि मी कोरडी भाकरी चावायचो.

श्रावणात ती तापानं पडली. आठ दिवस पोटात काही ठरेना. त्या संध्याकाळी पाऊस असा की रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं. मी म्हटलं, मामा, तिच्यासाठी पेज करा, पण कोंबडी नको. तुम्ही माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात. किती वेळ ढवळलंत, गाळलंत, झाकण घट्ट बसवलंत. मी परत विचारतो, "कोंबडी नाही ना?" तुम्ही म्हणता, "तांदूळ, आलं, मीठ. जा, गार होईल." डबा घोंगडीत धरून मी निघालो. वेशीजवळच्या चिंचेखाली थोडा थांबलो, मग पुन्हा चालू लागलो.

तिच्या आईनं तिला वाटीनं पाजलं. ती दोन वाट्या प्यायली आणि आणखी मागितली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं होतं, आई तर रडायलाच लागली. तिसरी वाटी ओतताना तळातून काहीतरी टणकन पडलं. मानेचा मणका, हरभऱ्याएवढा. तिच्या वडिलांनी तो उचलून दिव्यापाशी धरला. "ह्ये काय हाय?" मग ते माझ्याकडे वळले. "तुझ्या मामाच्या शब्दावर आमी जेवत व्हतो. तीन पिढ्यांची माळ हाय ह्या घरात." मी म्हणालो, मला ठाऊक नव्हतं. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

चार दिवसांत तिचा ताप उतरला आणि मार्गशीर्षात तिला खेडला दिली. दूध बंद झालं. माळकऱ्यांनी पाय ठेवणं सोडलं, दिवसाची चूल विझल्यासारखीच झाली. तुम्ही सगळ्यांना एकच सांगत राहिलात, "पोराला ठाऊक नव्हतं. पाप माझं." मी तुमच्यासमोर उभा राहून ओरडलो होतो, आठवतंय? तुम्ही म्हणालात, "तापात हाडाचा रस लागतो. बोटीवर नुसत्या पेजेवर तिघं माझ्या डोळ्यांदेखत गेले." मी म्हटलं, आणि माझं काय? "तुझं लग्न मोडलं. ती जगली." मग विचारलंत, "डबा वाटेत उघडला होतास का?" मी नाही म्हणालो. तुम्ही मान हलवलीत आणि पळी पुसायला लागलात. त्याच रात्री मी ट्रंक उचलली. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, मी दहाव्याला आलो, तोवर बाकडीसुद्धा विकली गेली होती.

नऊ वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय की सख्ख्या मामानं मला फसवलं. फसवलंतच तुम्ही, ते खोटं नाही. पेज खाली लागल्याचा वास येतोय, उठायला हवं. हा कागद घडी करून पातेल्याखाली घालीन, गरम भांडं ठेवायला काहीतरी लागतंच. पण त्याआधी एक. मी डबा उघडला होता, मामा. चिंचेखाली. झाकणभर प्यायलो. तीन महिन्यांनी जिभेला कोंबडी लागली, पहिल्याच घोटात कळलं. परत फिरलो असतो तर त्या संध्याकाळी ती दिसली नसती. म्हणून मी झाकण परत दाबून बसवलं, आणि तोंड पावसात धुतलं.