बेल्ट गरम होईपर्यंत

शनिवार, संध्याकाळ. बाहेर शून्याखाली वीस.

शेजारच्या जोशीकाकांच्या एटीव्हीचा, म्हणजे बर्फातल्या त्या चारचाकी मोटरसायकलचा, चाकं फिरवणारा बेल्ट आज माझ्या घाईने तुटला, म्हणून लिहायला बसले. सोमवारी त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनला जायचंय आणि दारातला बर्फ त्याच गाडीने हटतो. एवढ्या थंडीत रबर लाकडासारखं ताठ होतं. आधी दहा मिनिटं लो गिअरमध्ये रमतगमत चालवायची असते. मला माहीत नव्हतं? इंजिनिअर आहे मी! तरी थेट बर्फात घुसवली. जळक्या रबराचा वास अजून हातमोज्यांना आहे.

दुपारी शेडमध्ये हीटर लावून नवा बेल्ट मीच बसवला. काका खुर्चीवरून बघत होते. मी मान खाली घालून बोल्ट आवळत राहिले. आता किल्ली काढून घेतील, एवढीच धास्ती.

"नवा बेल्ट गरम होईपर्यंत बागेत फिरव आता," ते म्हणाले. "पळवायची नाही हं, सुनंदा. वरातीतला घोडा समज."

"या वयात घोड्यावर बसू?"

"बस की. वाजवायला मी आहे."

सफरचंदाच्या झाडांभोवती फिरत राहिले. बर्फ निळसर होत गेला. समोर धूर होता की माझाच श्वास, कळेना. फेऱ्या किती झाल्या? मोजायला विसरले. मी, आणि विसरले! रबराचा वास तेवढा सोबत. इतक्या सावकाश याआधी कधी, कुठे गेले होते?

उतरल्यावर तोंडातून आपसूक निघालं, "काका, चूक माझी होती."

किल्ली आणि तुटका बेल्ट त्यांच्या हातात दिला. बेल्ट त्यांनी ठेवून घेतला. किल्ली मला परत दिली.