सीझरचा शिपाई आणि चाकणचं कँटीन

२ जून
रोमवरच्या सिरीयलचे पाच भाग एका बैठकीत संपवले. डोळे सुजले, पण डोकं उघडलं. फ्लेवियस नावाचा साधा शिपाई सीझरला कटाची खबर देतो आणि सरदार होतो! संकल्प : यंदा पर्मनंट व्हायचंच. कॉन्ट्रॅक्टवर किती कुजायचं?

४ जून
स्वरूपा (आमचं कन्यारत्न, बी.ए. इतिहास) म्हणते, असा फ्लेवियस नव्हताच, सिरीयलवाल्यांनी घुसडला. आणि खऱ्या सीझरला इशारे मिळूनही तो मेलाच. कॉलेजात जुनी पुस्तकं शिकवतात, दुसरं काय! एवढा महागाचा सेट कुणी खोट्यासाठी लावेल का?

९ जून
कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या रंगरावांनी कानात सांगितलं : सगळ्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पर्मनंट करा, म्हणून शुक्रवारी कँटीनवर बहिष्कार. एकानेही ताट उचलायचं नाही, भावा. कट! थेट रोमच्या सिनेटसारखा. मी चेहरा निर्विकार ठेवला.

१० जून
मॅनेजर अर्जुनराव साहेबांना खबर दिली. म्हणाले, माहीत आहे, नोटीस बोर्डावर लावलंय त्यांनी. पण माझं नाव विचारलं. हे महत्त्वाचं.

१२ जून, शुक्रवार
अख्ख्या कँटीनमध्ये मी एकटा जेवलो. वाढप्याने विचारलं, भाऊ, नक्की ना? श्रीखंड दोनदा घेतलं. काचेबाहेर सगळे उभे. रंगराव नुसते बघत राहिले. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

१७ जून
साहेबांची तडकाफडकी बदली. हरकत नाही. सीझर गेल्यावर फ्लेवियसचं काय होतं, ते बघायला हवं. रिचार्ज संपलाय.

२४ जून
करार झाला. बहिष्कारवाले सगळे पर्मनंट. रंगरावांनी मलाही पेढा दिला. नजर दिली नाही. एचआरच्या पोरीला विचारलं, माझं काय? म्हणाली, काका, मागणी करणाऱ्यांशीच करार झालाय. तुमची मागणी कुठे होती?

३० जून
कॉन्ट्रॅक्ट संपलं. उद्यापासून येऊ नका म्हणाले. तात्पुरतं असणार. घरी बोललो नाही.

१ जुलै
कँटीनचं बाधतं सांगून घरून डबा घेतला आणि नेहमीसारखा कासारवाडीच्या स्टॉपवर. बस आली. रंगरावांनी शेजारची सीट रुमाल टाकून धरली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खिडकीतून म्हणाले, चल की, चढ लवकर. म्हणालो, आज सुट्टी टाकलीय, तुम्ही व्हा पुढे. बस गेली. तिथेच बाकावर बसून डबा खाल्ला. सकाळचे सात वाजले होते.