आवाजासकट वाचावे

न्हावऱ्याच्या कोकरे वस्तीवरच्या भावांनो, वहिन्यांनो, आणि दौंडहून टेम्पो करून आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

आपल्या सगळ्यांचे एक दुखणे आहे, दशक्रियेची भाषणे. माणूस गेल्याचे दुःख आपण सोसतो. पण घाटावरच्या उन्हात बसून पुढाऱ्यांची श्रद्धांजली ऐकणे सोसवत नाही. वस्तीवरच्या विठाबाईच्या दशक्रियेला एक पुढारी तिला श्रद्धांजली वाहता वाहता कारखान्याच्या निवडणुकीवर घसरला, आणि पुरुषमंडळी टोप्या सावरत ऐकत राहिली. माझ्याही दशक्रियेला तो येणार. मेल्यावर मला उत्तर देता येणार नाही, आणि उत्तर न देता मी कधी राहिलेले नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी जिवंतपणी, देवळापुढच्या पारावर, तुमच्यासमोर वाचते.

मी, म्हाळसा ज्योतिबा शेंडगे, वय सहासष्ट, राहणार दौंड, माहेर न्हावरे, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. माझा खांदा उडतो, डोळे मिचकतात, तोंडातून 'हुर्रर्र' असा आवाज निघतो. आत्ता वाचतानाही निघेल. त्याला कलम समजू नये, आणि त्यावरून माझ्या शुद्धीवर शंका घेऊ नये. काहीजण घेतीलच, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. मेंदू शरीराला नको तेव्हा हुकूम सोडतो, एवढेच. अकलेशी त्याचा संबंध नाही. यात माणूस शिव्या देतो, असे कुणीतरी मोबाईलवर पाहून सांगेल. थोड्यांना तसे होते, मला होत नाही. मी ज्यांना शिव्या दिल्या, विचार करून दिल्या. हे नाव मला पन्नाशी आल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले. त्या आनंदात मी दौंडच्या आमच्या गल्लीत घुगऱ्या वाटल्या. बारसे उशिरा झाले, पण झाले.

आज हे वाचण्याचे कारण आधीच सांगते. माझा भाचा संपत याची मुलगी वैष्णवी नववीत आहे. तिलाही हेच आहे. तिची मान झटकते, घशातून आवाज निघतो. वस्तीवरचे काही आईबाप मिळून मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हणाले, "तिच्या आवाजानं आमच्या पोरांचं ध्यान लागत न्हाई." संपतने तिला घरी बसवले. दिवाळीनंतर ती शाळेत गेलेली नाही. ते आईबाप इथेच बसले आहेत. उठू नका, चहा येतो आहे.

कलम पहिले. दौंडचे माझे दोन खोल्यांचे घर, अंगणातल्या लिंबासह, वैष्णवीला द्यावे. ती सज्ञान होईपर्यंत तिची आई सायली हिने ते सांभाळावे. भाडेकरू ठेवल्यास हरकत नाही. मात्र "पोरगी आवाज तर करणार न्हाई ना?" असे विचारणाऱ्याला ठेवू नये.

कलम दुसरे. माझे वडील तात्याबा यांचे घोंगडे आणि काठी सायलीला. या दोन वस्तूंची हकीकत तिला ठाऊक असावी.

आम्ही मेंढरे घेऊन फिरायचो. शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायचा, खत त्याच्या जमिनीला, ज्वारी आमच्या पोटाला. बसलेला कळप उठवायला वडील 'हुर्रर्र' करायचे. मी आठेक वर्षांची असताना तोच आवाज माझ्या घशाला चिकटला. मी आवाज केला की कळप उठायचा आणि चालू लागायचा. दिवसातून कितीतरी वेळा! आमच्या लोकांनी मग आमच्या लोकांसारखीच चूक केली. पोरीच्या अंगात बिरोबा येतो, मेंढरांना तो दिसतो, असे ठरवले. चुलतीने माझ्या कपाळाला भंडारा फासला आणि विचारले, "देवा, काळ्या मेंढीला जुळं व्हईल का?" मी म्हणाले, "काकी, मला भूक लागलीया." तिने त्याचाही अर्थ लावला.

एका संध्याकाळी पोपटरावांच्या बांधाला कळप बसला होता. माझा आवाज निघाला आणि सगळी मेंढरे त्यांच्या कांद्यात शिरली. पोपटराव धावत आले. "तात्याबा, त्या पोरीचं त्वांड बांध, न्हाईतर मी बांधतो!" वडिलांनी हात जोडले नाहीत. ते म्हणाले, "मालक, तिला बदलता येत न्हाई. मेंढरास्नी येतंय. मेंढरं बदलू."

तो सगळा उन्हाळा ते हे घोंगडे खांद्यावर टाकून, ही काठी काखेत मारून, मेंढरांना चाटवायला मुठीत मीठ घेऊन, जिभेने 'टॉक टॉक' करत कळपामागे फिरले. बाकीचे मेंढके हसून लोळायचे. "तात्याबानं मेंढरांची शाळा काढलीया!" पावसाळ्यापर्यंत कळप नव्या आवाजावर उठायला शिकला. माझ्या आवाजावर कुणी कानसुद्धा हलवेना. मी पोटभर 'हुर्रर्र' करत हिंडले. एवढी मोकळी मी नंतर फार थोड्या वेळा झाले. दोन म्हाताऱ्या मेंढ्या तेवढ्या शेवटपर्यंत माझ्याच आवाजावर उठत राहिल्या. त्यांची मी आभारी आहे.

कलम तिसरे. पोपटरावांनी त्या दिवशी नुकसानभरपाई म्हणून आमचा सगळ्यात देखणा मेंढा ओढून नेला. तो मेंढा मी त्यांना या मृत्युपत्राने रीतसर देऊन टाकते. इतकी वर्षे तो चोरीचा होता, आजपासून नाही. पोपटराव, तुम्ही पुढच्या खुर्चीत बसून हसता आहात, म्हणजे ऐकू येते आहे. बरे झाले.

कलम चौथे. माझे दिवंगत पती ज्योतिबा यांची मोटारसायकल त्यांचे कुरकुंभच्या कंपनीतले सोबती धम्मदीप यांना. नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घेतले, याची नोंद घ्यावी.

ज्योतिबा मला बघायला आले तेव्हा मी श्वास कोंडून चहा नेला. खांदा उडालाच, आणि चहा त्यांच्या नव्या पँटीवर. पाठोपाठ 'हुर्रर्र'. सासूबाई म्हणाल्या, "हे काय म्हणायचं?" ज्योतिबा पँट झटकत म्हणाले, "आई, आपल्या घरात तसंबी कुणी कुणाचं ऐकत न्हाई. एक आवाज वाढला तर काय बिघडतंय?" पुढे ते कुरकुंभला पाळीवर जाऊ लागले, दिवसा झोपायचे. मी माहेरी गेले की फोन यायचा. "कवा येतीस? घर मुकं झालंय, झोप लागंना." माझ्या आवाजाशिवाय ज्याला झोप येत नाही असा माणूस मला मिळाला. तक्रारीला जागा कुठे राहिली?

कलम पाचवे. माझी पुस्तके, दोन कपाटे, वस्तीवरच्या समाजमंदिरात ठेवावीत. तरुणपणी मला एका वाचनालयातून उठवले गेले होते, बाकीच्या वाचकांना त्रास होतो म्हणून. तिथल्या ग्रंथपालांनी मागची खिडकी उघडली आणि मला पुस्तके हातात द्यायला सुरुवात केली. "पायरीवर बसा, तिथं नियम न्हाई," ते म्हणाले. इतिहास, कायदा, कादंबऱ्या, सगळे मी त्या पायरीवर वाचले. म्हणून माझी एकच सूचना आहे. या कपाटांवर 'शांतता राखा' ही पाटी लावू नये.

कलम सहावे. माझा माईक आणि स्पीकर दौंडच्या महिला मंडळाला. गल्लीतल्या पाण्यासाठी काढलेल्या मोर्चात मी पहिल्यांदा बोलले. घाबरून आधी 'हुर्रर्र' निघाले. बायकांना वाटले घोषणा आहे, सगळ्यांनी हात वर करून 'हुर्रर्र' केले. मला हसू फुटले, भीती पळाली. बोलायला लागल्यावर हा 'हुर्रर्र' कमी होतो, हा शोध मला त्या दिवशी लागला. तेव्हापासून मी थांबलेले नाही. मंडळात आजही सभेची सुरुवात त्याच घोषणेने होते.

कलम सातवे. न्हावऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा संपतला. त्याला कोणतीही अट नाही. वकील हर्षदा म्हणाल्या, "म्हाळसाबाई, वैष्णवीच्या शाळेची अट घाला की." मी घातली नाही. जमिनीच्या लोभाने शाळेत पाठवलेली मुलगी मला नको, आणि विकत घेतलेला होकारही नको.

संपत वाईट माणूस नाही. तो मला म्हणाला, "आत्या, पोरं तिची नक्कल करत्यात. मला बघवत न्हाई."

मी म्हटले, "तुला बघवत न्हाई, म्हणून तिनं शिकायचं न्हाई व्हय?"

वैष्णवी दारातून म्हणाली, "बाबा, नक्कल करणाऱ्यांची मी नक्कल करते. ती त्यांच्यापेक्षा भारी जमते. मला घरात कंटाळा येतोय. म्हशीसुद्धा माझ्याकडं पाठ करून बसायला लागल्यात."

संपत हसला, पण हो म्हणाला नाही. तो लोकांना घाबरतो. लोक म्हणजे तुम्ही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षदा यांनी करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, असल्यास ते रद्द. माझ्या दशक्रियेला भाषणे ठेवू नयेत, कीर्तन नको, जिलेबी हवी.

आता शेवटचे, आणि हे जिवंत माणसांसाठी. माझ्याकडे होते ते मी वाटले. वैष्णवीची शाळा मात्र माझ्या कपाटात नाही, ती तुमच्या हातात आहे. नववीचे वर्ष अजून वाया गेलेले नाही. तक्रार करायला तुम्ही एकत्र गेला होता, एकट्याने जायची हिंमत कुणाला नव्हती. तसेच पुन्हा एकत्र निघा. उद्या सोमवारी, शाळेच्या वेळेला, संपतच्या दारात या. वैष्णवीला मध्ये घ्या आणि तिच्याबरोबर शाळेच्या वर्गापर्यंत चाला.

म्हाळसा ज्योतिबा शेंडगे (सही)

आमच्यासमोर मोठ्याने वाचून, मध्ये चहा घेऊन, स्वखुशीने सही केली:
साक्षीदार १. नीलम दत्तात्रय टुले, दौंड (सही)
साक्षीदार २. सर्जेराव बाबुराव हाके, न्हावरे (सही)

ठिकाण: न्हावरे, ता. शिरूर, जि. पुणे
दिनांक: १८ जानेवारी २०२६, रविवार